उजवी पट्टी

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, पुढे कळणारच आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या चार बदल्या झाल्या, त्यातल्या दोन माझ्या तोंडामुळे. शेवटची झाली ती मिरजगावपासून चार किलोमीटर आत, बारवेच्या वस्तीवर. तिथे अकरा वर्षं काढली आणि या मे महिन्यात तिथूनच निवृत्त झाले.

शाळा सातवीपर्यंत, पट एकेचाळीस. शिक्षक दोघं: मी, सरोजिनी पाठक, आणि रविराज सर. तिसरी जागा दोन वर्षं रिकामी. रविराज सर तरुण आहेत, मोबाईलमधलं त्यांना सगळं कळतं आणि माझं बोलणं ते मुकाट्यानं ऐकून घेतात. एवढं माझ्या नवऱ्यालाही जमलेलं नाही.

तर गोष्ट यंदाच्या जानेवारीतली. केंद्राची शिक्षण परिषद होती, म्हणजे आसपासच्या चौदा शाळांचे शिक्षक एका हॉलमध्ये बसून चहा पितात आणि केंद्रप्रमुख बोलतात. आमचे केंद्रप्रमुख आबासाहेब. त्यांनी पडद्यावर एक यादी लावली. एका संस्थेनं शाळांना टॅब दिले होते, त्यात 'शिडी' नावाचं ॲप. मुलानं बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड येतो, चुकलं की सोपा. असं वरखाली करत ते ॲप मुलाची पायरी ठरवतं. मूल बसतं सातवीच्या वर्गात, पण त्याला खरं किती येतं, पाचवीचं की आठवीचं, ते एका आकड्यात सांगतं.

आबासाहेबांनी यादी वाचायला सुरुवात केली ती शेवटाकडून. "चौदावी शाळा, बारवेची वस्ती. मुलं इयत्तेच्या सरासरी तीन पायऱ्या खाली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मागे कोणीतरी हसलं. मी वळून बघितलं, तर हसणारा एकदम चहात डोकं घालून बसला. मी पडद्यावर शाळेखाली दिलेली मुलांची नावं वाचायला लागले आणि एका नावावर थांबले. संस्कृती गहिनीनाथ, इयत्ता सातवी, पायरी तीन पूर्णांक दोन दशांश.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ही संस्कृती म्हणजे ती मुलगी, जिनं पाचवीत असताना आमच्या व्हरांड्याला फरशी बसवायला आलेल्या गवंड्याला सांगितलं होतं, "दोनशे सहा लागतील, तुमी जास्त आनल्या." गवंडी हसला होता. सहा फरश्या उरल्या, त्या अजून कपाटामागे आहेत. त्या मुलीला हे यंत्र तिसरीची ठरवत होतं.

नुसती बेअब्रू असती तर मी चार शब्द सुनावून गप्प बसले असते. पण नगरला मुलींसाठी निवासी गणितवर्ग सुरू होणार होता. आठवी ते दहावी, राहणं, जेवण, शिकणं सगळं तिथेच. आमच्या तालुक्यातून दोन मुली घ्यायच्या होत्या आणि त्या 'शिडी'च्या पायरीवरून. सातवीच्या मुलीची पायरी निदान सातवी हवी. वीस फेब्रुवारीला यादी बंद. मी सहा महिने त्या मुलीच्या बापाच्या मागे लागून त्याला राजी केलं होतं.

शाळेत परतले तर तोच फाटकाशी उभा. गहिनीनाथ टेम्पो चालवतो, वस्तीवरची लिंबं, कांदा मिरजगावच्या बाजारात नेतो. बोलायला मऊ, पण एकदा मनात घेतलं की हलत नाही. त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला.

"बाई, ह्यो मेसेज आलाय. आपला पाल्य इयत्ता तिसरीच्या पातळीवर आहे. म्हंजी चार वर्सं वायाच गेली म्हना की पोरीची."

"मेसेज चुकीचा आहे," मी म्हटलं.

"मशीन कशाला खोटं बोलंल? मशीनची काय आमच्याशी भावकी हाय?" त्यानं मोबाईल खिशात टाकला. "तिसरीची पोरगी नगरला पाठवून तिचं हसं करून घ्यायचं का? त्यापरीस मिरजगावच्या शाळंत जाऊ द्या. माझ्या टेम्पोत बसून जाईल, टेम्पोत बसून यील."

मी फाटक उघडून आत गेले. न भांडता आत जाणं माझ्याकडून वर्षातून एखाद्याच वेळी होतं.

आता आमच्या शाळेतली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. माझे वडील विष्णुपंत नेवाशाला मास्तर होते. पोरानं काही विचारलं आणि त्यांना येत नसेल तर भर वर्गात म्हणायचे, "मला येत नाही, उद्या बघून सांगतो." त्यांचा मला फार अभिमान वाटायचा. म्हणून मी माझ्या फळ्यावर उजव्या बाजूला वीतभर जागा रेघ मारून वेगळी ठेवते. तिला पोरं उजवी पट्टी म्हणतात. ज्याला प्रश्न येत नाही त्यानं तळहात जमिनीवर ठेवायचा आणि म्हणायचं, येत नाही. मग तो प्रश्न पट्टीवर जातो, खाली त्याचं नाव. तो प्रश्न दुसऱ्यानं पुसायचा नाही. ज्याचं नाव त्यानंच पुसायचं, आणि तेही सगळ्या वर्गाला 'असं का' ते समजावून सांगितल्यावर. एका प्रश्नाखाली दोन नावं असली तर ज्याला आधी सुटेल त्यानं ते फक्त एका शिक्षकाला बाजूला नेऊन समजवायचं, आपलं नाव पुसायचं आणि दुसऱ्याचं होईपर्यंत तोंड मिटून बसायचं. फार तर एक खूण द्यायची. आणि माझी सगळ्यात कडक ताकीद: ठोकून द्यायचं नाही. ठोकून दिलेलं उत्तर बरोबर आलं तरी मी ते चूकच धरते.

लाज वाटायच्या ऐवजी पोरांना पट्टीचं कौतुक वाटतं. "माझा प्रश्न चार दिस हाय पट्टीवर," असं ती एकमेकांना ऐटीत सांगतात.

दुसऱ्या दिवशी मी संस्कृतीला टॅब घेऊन शेजारी बसवलं आणि बघत राहिले. अपूर्णांकाचा भागाकार आला. अर्धा भागिले पाव. चार पर्याय, आणि खाली कोपऱ्यात एक राखाडी बटण: मला येत नाही. पोरीनं आधी वही काढली, प्रश्न नीट उतरवून घेतला आणि ते राखाडी बटण दाबलं. यंत्रानं तिला झटकन खाली उतरवलं आणि दुसरीतली बेरीज विचारली.

"अगं, हे तुला येतं," मी म्हटलं. "गेल्या आठवड्यात तू वर्गात केलंस."

"उलटं करून गुनायचं ते ठाऊक हाय, बाई," ती म्हणाली. "पन का उलटं करायचं ते सांगता येत न्हाई. मंग येतं कसं म्हनू?"

माझीच रीत होती. अकरा वर्षं मीच हे पोरांच्या कानीकपाळी ओरडत आले होते. एकेचाळीस मुलांनी ते राखाडी बटण मन लावून दाबलं होतं, कारण प्रत्येक दाबण्यामागे पट्टीवर एक प्रश्न मिळत होता. जिथे थोडी जरी शंका तिथे येत नाही. प्रश्न उतरवून घेण्यात वेळ जायचा, त्याचीही यंत्रानं नोंद केली होती: मूल सावकाश उत्तर देते.

रविराज सरांनी डोकं खाजवलं. "बाई, बाकीच्या शाळांत ते बटण कोणी दाबतच नाही. मास्तर लोकच सांगतात, येत नसलं तरी काहीतरी दाबा, चारांत एक लागतंच. आपण पण सांगू या. वीस तारखेपर्यंतच. नंतर परत आपलं आपलं."

मी त्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. पण घरी जाताना एसटीत माझ्या डोळ्यांपुढे संस्कृतीच फिरत राहिली, गहिनीनाथाच्या टेम्पोत कांद्याच्या गोण्यांवर बसून मिरजगावला जाणारी. तिथल्या आठवीच्या वर्गात पंच्याऐंशी पोरं. तिथे तिचा 'का' कोण ऐकून घेणार? दुसऱ्या दिवशी मी तिला एकटीला बोलावलं.

"संस्कृती, ॲपवर ते बटण दाबू नकोस. उत्तर ठाऊक असलं तर दाब. अर्धवट ठाऊक असलं तरी दाब. अगदीच नसलं तरी..." माझी जीभ अडखळली. "तरी काहीतरी दाब."

"अन् पट्टीवर काय लिवायचं?"

"पट्टी वेगळी, ॲप वेगळं."

तिनं मान हलवली. तीन दिवसांत तिची पायरी पाच पूर्णांक एक झाली. रविराज सर खूश. मी मात्र त्या तीन दिवसांत फळ्याच्या उजव्या बाजूला फिरकले नाही, सगळं डावीकडेच लिहीत होते. चौथ्या दिवशी पायरी परत घसरली, चार पूर्णांक दोन. मी टॅब हातात घेऊन तिला हाक मारली. आवाज चढलेलाच होता.

ती खाली बघून म्हणाली, "बाई, उत्तर बरोबर आलं की त्यात फुगे उडत्यात. मला येत नसताना फुगे उडाले की लाजल्यावानी हुतं." मग मान वर करून, "तुमी रागवा. पन मी बटन दाबनार."

मी रागावले नाही. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी इतका अभिमान वाटला की काय करावं कळेना. मी तिला सांगितलं, "मी तुला जे सांगितलं ते चुकीचं होतं. आता तुझी वही दे मला." प्रत्येक पोराकडे पट्टीची वही असते, प्रश्न कधी चढला, कधी पुसला, आणि 'का' ते स्वतःच्या शब्दांत. तिच्या वहीत टॅबवरून उतरवलेले एकशे त्रेचाळीस प्रश्न होते. त्यातले एकशे एकोणतीस पुसलेले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि वही पिशवीत घालून एसटी पकडली. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर मात्र नगर, नगर म्हणूनच ओरडतो. माळीवाड्याला उतरले, रिक्षानं सावेडीत त्या संस्थेच्या ऑफिसात गेले. वाटेत भांडणाची सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. समोर आली ती प्रणिता, पंचविशीतली मुलगी, 'शिडी'चे आकडे बघणारी. मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं, "बारवेच्या वस्तीच्या बाई का तुम्ही? मी तुम्हाला फोन करणारच होते."

माझी भांडणाची वाक्यं पिशवीतच राहिली.

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. "हे बघा. बाकी शाळांत मुलांना ज्या पातळीचं येत नाही, तिथे पण चारातलं एक उत्तर बरोबर येतं. अंदाजानं. आमचं ॲप हे धरूनच चालतं. तुमच्या शाळेत अंदाज नावाचा प्रकारच नाही. तुमची मुलं उत्तर देतात तेव्हा शंभरात सत्त्याण्णव बरोबर असतात. आणि नाहीतर सरळ 'येत नाही'. आमचं ॲप 'येत नाही' म्हणजे चूक धरतं आणि खाली उतरवतं. आम्हाला वाटलं तुमच्या टॅबमध्ये बिघाड आहे."

"बिघाड टॅबमध्ये नाही," मी म्हटलं, "बिघाड माझ्यात आहे. तो मी पोरांना लावलाय." आणि वही तिच्यापुढे टाकली.

ती वाचायला लागली. एका पानावर ती थांबली आणि मोठ्यानं वाचलं, "एका भाकरीचे चतकोर चार. अर्ध्या भाकरीचे दोन. चतकोरानं भागायचं म्हणजे किती चतकोर बसतात ते बघायचं. म्हणून चारनं गुणायचं. म्हणून उलटं." खाली तारीख. मी संस्कृतीला शेजारी बसवून बघितलं होतं, त्यानंतर पाचव्या दिवसाची.

"मी बेलापूरची," प्रणिता म्हणाली. "जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकले. इंजिनिअर झाले. पण उलटं का करायचं हे मला आत्ता कळलं."

मी म्हटलं, "मग त्या पोरीला सातवी पायरी द्या."

"तसं देता येत नाही, बाई. एका मुलीसाठी आकडा बदलला तर उद्या सगळेच मागतील." ती मऊ आवाजात, पण ठामपणे म्हणाली, आणि मला ते पटलं. "पण शिक्षकानं लेखी मागणी केली तर समोर बसून फेरतपासणी करता येते. पर्याय द्यायचे नाहीत, मुलानं सोडवून दाखवायचं. आजपर्यंत कोणी मागितलीच नाही."

मी तिथेच अर्ज लिहिला. खाली एक ओळ वाढवली: तपासणी आमच्या शाळेत, आमच्या फळ्यापुढे व्हावी. प्रणिता हसली आणि तारीख लिहिली, सतरा फेब्रुवारी.

त्या दिवशी प्रणिता दहा वाजता आली. व्हरांड्यात सतरंजी अंथरली, संस्कृती एका बाजूला, प्रणिता दुसऱ्या, मधे कोरे कागद. मी लांब खुर्चीवर बसले. बाकी पोरं खिडकीत. गहिनीनाथ टेम्पो फाटकाशी लावून त्यालाच टेकून उभा राहिला. आत या म्हटलं तर म्हणाला, "हितनंच दिसतंय." त्याच्या खिशात तो तिसरीचा मेसेज होता. इथे काही झालं नाही तर पोरगी नगरला जाणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

प्रणितानं पाचवीपासून सुरू केलं. पाचवी, सहावी भराभर गेली. सातवीत संस्कृतीनं एका ठिकाणी कागद मागे घेतला, खोडलं, परत लिहिलं, आणि बरोबर काढलं. मग आठवीचा प्रश्न: आयताची लांबी दहा टक्के वाढवली, रुंदी दहा टक्के कमी केली, तर क्षेत्रफळ तेवढंच राहील का?

"न्हाई," संस्कृती म्हणाली. "एक टक्का कमी हुईल."

"का?"

एवढंच हवं होतं तिला. अकरा वर्षं मी जो शब्द विचारत आले तो परक्या माणसाच्या तोंडून ऐकून तिचा चेहराच उजळला. "शंभर बाय शंभरची जागा धरा. दहा हजार फरश्या. आता एकशेदहा बाय नव्वद करा, नऊ हजार नऊशे. शंभर फरश्या उरल्या. दहा हजारात शंभर म्हंजी शंभरात एक."

खिडकीतून कोणीतरी "कपाटामागं ठेवा" म्हणालं आणि सगळी पोरं हसली. प्रणिताला ते कळलं नाही, पण तीही हसली. मग नववीचे दोन प्रश्न, दोन्ही सुटले. मग तिनं एक शेवटचा टाकला. "एक ते शंभर, सगळ्या संख्यांचा एकमेकांशी गुणाकार केला. जे उत्तर येईल त्याच्या शेवटी किती शून्यं असतील?"

संस्कृतीनं बराच वेळ विचार केला. पाच मिनिटं झाली, सात झाली. मग तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि तळहात सतरंजीवर टेकला. "येत न्हाई."

"अंदाजानं सांग ना," प्रणिता म्हणाली. "चुकलं तरी चालेल."

"अंदाज अकरा हाय. दहा, वीस, तीस अशी नऊ अन् शंभराची दोन. पन दोन पंचे दहा बी हुतंय, त्यातनं शून्य येतंय, मंग अकरापेक्षा जास्त पायजेत. किती जास्त ते ठाऊक न्हाई. म्हंजी येत न्हाई." आणि वही पुढे ओढून ती प्रश्न उतरवून घ्यायला लागली.

प्रणितानं माझ्याकडे बघितलं. ऊर भरून येणं म्हणतात ते मला त्या दिवशी छातीत प्रत्यक्ष कळलं. मी खुर्चीतून उठून पाण्याच्या माठाकडे गेले आणि उगाच दोन पेले पाणी प्यायले.

प्रणितानं फॉर्मवर पायरी लिहिली, नववी. खाली शेऱ्यात लिहिलं: काय येत नाही हे हिला अचूक सांगता येते. संध्याकाळी गहिनीनाथाला नवा मेसेज गेला. दुसऱ्या दिवशी तो बाजारात टेम्पो रिकामा करायच्या आधी हमालांना मोबाईल दाखवत होता म्हणे. मला भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "मशीन दुरुस्त झालेली दिसतीया, बाई." मग रुमालानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. "जाऊ द्या तिला नगरला."

वीस तारखेला यादी लागली. दोन नावं होती, त्यातलं एक संस्कृतीचं. पुढच्या परिषदेत आबासाहेबांनी आमची शाळा मधूनच वाचली, शेवटून नाही, वरूनही नाही. प्रणिताचं पत्रही आलं की जूनपासून 'येत नाही' हे उत्तर चुकीत धरणार नाहीत, वेगळं मोजतील. बघू या.

इथे गोष्ट संपली असती, पण तो शून्यांचा प्रश्न राहिला होता ना. अठरा तारखेला सकाळी संस्कृतीनं तो उजव्या पट्टीवर लिहिला, खाली स्वतःचं नाव. मी हजेरी घेत होते. मागून चौथीतल्या एकीनं विचारलं, "बाई, तुमाला येतं का वो ह्ये?"

आदल्या रात्री मी घरी कागद घेऊन बसले होते. मलाही अकराच येत होते आणि मलाही ते पटत नव्हतं. ठोकून देता आलं असतं, "येतं, पण सांगणार नाही" म्हणता आलं असतं, चौतीस वर्षांच्या नोकरीत तेवढी युक्ती कोणालाही येते. मी तळहात टेबलावर टेकला आणि म्हटलं, "येत नाही."

संस्कृती उठली आणि खडू माझ्यापुढे धरला. "मंग नाव लिवा, बाई."

अकरा वर्षांत त्या पट्टीवर माझं नाव कधी लागलं नव्हतं. तिच्या नावाखाली मी लिहिलं, सरोजिनी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. रविराज सर मोबाईल काढून म्हणाले, "बाई, बघू का यात?" तर एकेचाळीस पोरं एकदम, "कॉपी, कॉपी." सरांनी मोबाईल ठेवून दिला.

मार्चमध्ये एका सकाळी संस्कृती रविराज सरांना व्हरांड्यात घेऊन गेली आणि वही दाखवून काहीतरी सांगत बसली. सर आत आले ते माझ्याकडे न बघता. ती फळ्याशी गेली, स्वतःचं नाव पुसलं आणि हाताला लागलेली खडूची पावडर झटकून जागेवर बसली. माझं नाव तसंच.

"सुटलं तुला?" मी विचारलं.

"व्हय."

"किती?"

"सांगता येत न्हाई, बाई. तुमचं नाव हाय त्यावर." रीत माझीच होती. पोरं तोंडावर हात धरून हसत होती. मला राग आला, अगदी खरा राग, आणि त्याच्या पाठोपाठ हसू.

पंधरा दिवसांनी मान खाली घालून मी खूण मागितली. तिनं विचार करून सांगितलं, "पाच मोजा." मी मोजले. पाच, दहा, पंधरा करत शंभरापर्यंत वीस. दोन तर हवे तेवढे मिळतात, पाच वीस, म्हणजे शून्यं वीस. तिला जाऊन सांगितलं. तिनं विचारलं, "पक्कं हाय का, बाई?" पक्कं नव्हतं. मला माझाच आवाज ऐकू येत होता, एवढा खडूस आवाज मी रोज या पोरांवर काढते.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. सकाळची शाळा, उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचे माझे शेवटचे चार दिवस, आणि तिचेही. मी दाखले लिहीत होते. चौथीची पोरं पाढा म्हणत होती, त्यांच्या त्या झुलत्या चालीत. पंचवीस एके पंचवीस, पंचवीस दुणे पन्नास, पंचवीस त्रिक पंच्याहत्तर, पंचवीस चोक शंभर.

माझा पेन थांबला. "परत म्हणा," मी म्हटलं. त्यांनी परत म्हटलं. चोक शंभरापाशी मी उठून उभी राहिले.

"सगळे इकडे बघा," मी म्हटलं आणि फळ्याशी गेले. सातवीपासून पहिलीपर्यंत सगळी पोरं सतरंजीवर बसली, रविराज सर दारात. संस्कृती पहिल्या ओळीत, मांडी घालून, मी बसते तशी पाठ ताठ करून.

"शून्य येतं दोन आणि पाच यांच्या जोडीतून," मी सांगायला लागले. "दोन भरपूर आहेत, म्हणून पाच मोजायचे. पाचच्या पाढ्यात शंभरापर्यंत वीस संख्या. प्रत्येकीत एक पाच. इथपर्यंत मी आले होते आणि अडले होते. पण पंचवीस म्हणजे पाच पंचे. तिच्यात पाच दोनदा आहे. तशाच पन्नास, पंच्याहत्तर आणि शंभर. त्या चार संख्या एकेक पाच जास्त देतात. वीस आणि चार, चोवीस. चोवीस शून्यं."

मी डस्टर उचललं.

"थांबा, बाई," संस्कृती म्हणाली. "एकशेपंचवीसमदी पाच तीनदा हाय. ते का न्हाई धरले?"

अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, शाळा तपासायला आलेल्या साहेबांना कधी घाबरले नाही. त्या वेळी मात्र उचललेलं डस्टर मुकाट्यानं खाली ठेवलं. मग म्हटलं, "कारण आपण शंभरापर्यंतच गेलो. एकशेपंचवीस त्यात येतच नाही."

तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघते तसंच. मग मान हलवली.

"बरोबर हाय. पुसा."

मी माझं नाव पुसलं.